हाताचा तास अर्धा का?

अभियांत्रिकीच्या पदवी अभ्यासक्रमाची पुस्तिका उघडली की सुरुवातीच्या पानांतच एक लहानसा तक्ता असतो. एल, टी, पी असे तीन रकाने आणि शेवटी क्रेडिट. आठवड्याला एक तास लेक्चर असेल तर एक क्रेडिट, एक तास ट्यूटोरिअल असेल तरी एक, आणि एक तास प्रॅक्टिकल असेल तर अर्धे. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने, म्हणजे एआयसीटीईने, २०१८ साली आदर्श अभ्यासक्रम प्रसिद्ध केला तेव्हा चार वर्षांच्या पदवीचा एकूण भार १६० क्रेडिटांचा ठरवला आणि हिशेब हाच ठेवला. आयआयटी मुंबईचे सूत्र दिसायला वेगळे आहे. तिथे लेक्चर आणि ट्यूटोरिअलच्या तासाला दोन धरतात आणि प्रॅक्टिकलच्या तासाला एक. प्रमाण तेच. ऐकण्याचा तास पूर्ण, करण्याचा तास अर्धा. वेळापत्रक बसवणाऱ्याला ही कामाची सोय वाटते आणि विद्यार्थ्याला तर तो तक्ता वाचायची वेळच येत नाही. पण ज्ञान कशाला म्हणायचे, या फार जुन्या प्रश्नाचे एक उत्तर त्या तक्त्यात देऊन टाकलेले आहे. ते उत्तर चुकीचे आहे, आणि त्या चुकीची किंमत आपण पिढ्यान्‌पिढ्या मोजत आलो आहोत, असे माझे म्हणणे आहे.

या हिशेबामागे कारणच नाही असे नव्हे. क्रेडिटची कल्पना अमेरिकेत विसाव्या शतकाच्या सुरुवातीला रूढ झाली आणि तिच्यात असे गृहीत आहे की वर्गातल्या एका तासामागे विद्यार्थी घरी आणखी वेळ देतो. व्याख्यान ऐकायचे, मग पुस्तक उघडायचे, उदाहरणे सोडवायची, अडलेले पुन्हा वाचायचे. प्रयोगशाळेतले काम मात्र प्रयोगशाळेतच संपते; तेव्हा एकूण वेळ मोजला तर प्रॅक्टिकलच्या तासाला निम्मे वजन देणे रास्तच आहे. हा युक्तिवाद सचोटीचा आहे आणि त्याला सचोटीनेच उत्तर दिले पाहिजे. त्यात एक गोष्ट न सांगता मानलेली आहे: हाताने केलेल्या कामातून घरी नेऊन विचार करावा असे काही उरत नाही. काम म्हणजे आधीच कळलेल्या गोष्टीची उजळणी, सूत्राचा पडताळा. विचार आधी झालेला असतो, हात फक्त तो अमलात आणतात. पण हेच तर सिद्ध करायचे होते. ते गृहीत धरून तास मोजले, की मोजणी बरोबर येते आणि गृहीतक तपासायचे राहूनच जाते.

ते तपासायचे तर पहिल्या वर्षाच्या वर्कशॉपमध्ये, फिटिंगच्या बाकाशी उभे राहावे. विद्यार्थ्याला माइल्ड स्टीलची लहान चपटी पट्टी मिळते. तिच्या कडा सपाट आणि एकमेकींना काटकोनात आणायच्या, मग खाच कापून दुसरा तुकडा तिच्यात नेमका बसवायचा, एवढाच जॉब. पट्टी व्हाइसमध्ये आवळून तो कानस चालवू लागतो. थोड्या वेळाने गुण्या कडेला लावून उजेडासमोर धरतो, तर मधोमध धातू गुण्याला टेकलेला आणि दोन्ही टोकांना उजेडाची फट. कड सपाट करायला घेतली होती, ती मधे फुगली. कारण कानस पुढे जाताना पुढच्या हाताचा भार कमी आणि मागच्या हाताचा जास्त होत गेला पाहिजे. तो बदल साधला नाही की कानस झुलते आणि टोके जास्त झिजतात. हे वाक्य वाचून कळते, पण वाचून जमत नाही. दहा वेळा उजेडासमोर धरल्यावर हात ते शिकतात, आणि हातांबरोबर डोकेही एक गोष्ट शिकते जी व्याख्यानात कधी सांगितली जात नाही. ड्रॉइंगच्या कागदावर सरळ रेषा फुकट मिळते; जगात सपाटपणा कमवावा लागतो, तो कधीच पूर्ण मिळत नाही, आणि किती अपुरा चालेल हे ठरवावे लागते. टॉलरन्स या संकल्पनेचा सगळा अर्थ त्या फटीतून येणाऱ्या उजेडात आहे. ज्याने ती फट पाहिली आहे त्याला घरी जाऊन विचार करण्यासारखे पुष्कळ आहे. तो करत नाही, कारण घरी जाऊन त्याला जर्नल उतरवून काढायचे असते.

तत्त्वज्ञानात हा मुद्दा नवा नाही. गिल्बर्ट राइल यांनी १९४९ साली ‘द कन्सेप्ट ऑफ माइंड’ या ग्रंथात दाखवले की एखादी गोष्ट करता येणे हे त्या गोष्टीविषयीची विधाने माहीत असण्याचे दुय्यम रूप नव्हे. प्रत्येक कृतीआधी मनात नियमाचे वाक्य यावे लागते असे मानले, तर ते वाक्य नीट वापरण्यासाठी आणखी एक वाक्य लागेल, आणि ही साखळी कुठेच थांबणार नाही. आपल्याकडे नैयायिकांनी हाच प्रश्न दुसऱ्या टोकाने धरला होता. ज्ञान खरे की खोटे हे कशावरून ओळखायचे, याचे वात्स्यायनाने न्यायभाष्याच्या अगदी आरंभी दिलेले उत्तर असे, की त्या ज्ञानावर विसंबून केलेली प्रवृत्ती सफल होते का ते पाहावे. पाणी दिसले, गेलो, प्यायलो, तहान भागली. तर ते ज्ञान यथार्थ. मृगजळाकडे गेलेला माणूस कोरडाच परततो. बौद्ध परंपरेत धर्मकीर्तीने अर्थक्रियेला, म्हणजे वस्तूच्या प्रत्यक्ष कार्यसामर्थ्याला, खरेपणाची कसोटी केली. नैयायिक आणि बौद्ध एकमेकांचे कट्टर प्रतिपक्षी होते, शतकानुशतके वाद करत राहिले. पण कृती ही ज्ञानाच्या मागून येणारी किरकोळ बाब नसून ज्ञानाची परीक्षा कृतीतच होते, याबाबत दोघे जवळ येतात. ज्या तासात ज्ञानाची परीक्षा होते तो तास निम्मा धरणे, हे या दोघांनाही चमत्कारिक वाटले असते.

इथे एक वजनदार आक्षेप समोर येतो. आपल्याकडे ज्ञान आणि कर्म यांत ज्ञान वरचे मानले आहे. परा आणि अपरा असे विद्येचे दोन दर्जे उपनिषदांनीच केले आहेत. तेव्हा शास्त्र वर आणि कारागिरी खाली ही मांडणी परंपरेला धरूनच आहे, असे कुणी म्हणेल. मुंडकोपनिषद नीट वाचले तर हा आधार निसटतो. काय जाणले असता हे सगळे जाणलेले होते, असे शौनक अंगिरसाला विचारतो, आणि अंगिरस दोन विद्या सांगतो. अक्षर तत्त्व जिच्यामुळे कळते ती परा. आणि अपरेच्या यादीत काय आहे? सुतारकाम, लोहारकाम नाही. तिथे चार वेद आहेत, आणि शिक्षा, कल्प, व्याकरण, निरुक्त, छंद, ज्योतिष ही सहा वेदांगे आहेत. म्हणजे त्या काळी पोथीत जेवढे म्हणून होते ते सगळे ऋषीने खालच्या बाजूला ठेवले. त्या वाटणीने आजचा अभ्यासक्रम मांडला तर क्वांटम मेकॅनिक्स आणि लेथ मशीन एकाच बाजूला येतात. परा विद्येचा दाखला देऊन थर्मोडायनॅमिक्सच्या लेक्चरला वर्कशॉपपेक्षा उंच बसवता येत नाही, कारण परेच्या उंचीवर दोघेही नाहीत.

ज्ञानेश्वरीचा सातवा अध्याय या बाबतीत आणखी बोलका आहे. गीतेच्या त्या अध्यायाला ज्ञानविज्ञानयोग म्हणतात, आणि विज्ञान या शब्दाचा अर्थ लावताना आचार्य आणि ज्ञानदेव यांच्या वाटा वेगळ्या होतात. शंकराचार्यांच्या भाष्यात विज्ञान म्हणजे स्वानुभव. शास्त्रातून समजलेले जेव्हा स्वतःच्या प्रचीतीला येते तेव्हा ते विज्ञान. ज्ञानदेव मात्र प्रपंचाच्या जाणिवेला विज्ञान म्हणतात; जिथे बुद्धी आणि तर्क पोचत नाहीत ते ज्ञान, आणि प्रपंचालाच सत्य मानून बसणे हे अज्ञान. आज मराठीत सायन्सला आपण विज्ञान म्हणतो ते ज्ञानदेवांच्या अर्थाच्या किती जवळ आहे हे पाहून मला दर वेळी नवल वाटते. यांतला कोणताही अर्थ घ्या, अर्ध्या क्रेडिटला आधार मिळत नाही. आचार्यांचा अर्थ घेतला तर ऐकलेले अनुभवाला येईपर्यंत अपुरेच असते. बृहदारण्यकातली श्रवण, मनन, निदिध्यासन ही चढण श्रवणापासून सुरू होते, तिथे थांबत नाही. ज्ञानदेवांचा अर्थ घेतला तर सगळा प्रपंच एका सपाटीवर येतो. त्यात समीकरणाचा प्रपंच उच्च आणि कानशीचा प्रपंच नीच अशी पोटपायरी त्यांनी कुठे कोरलेली नाही. अध्यात्मातला क्रम तंत्रशिक्षणाला जसाच्या तसा लावता येत नाही हे मला मान्य आहे, आणि तो लावावा असा माझा आग्रहही नाही. परंपरेच्या नावाने जी उतरंड उभी केली जाते ती त्या ग्रंथांत नाही, एवढेच म्हणायचे आहे.

मग ती आली कुठून? याचे एक उत्तर आपल्या गावगाड्यात आहे. इथे पोथी एका जातीकडे आणि हत्यारे दुसऱ्या जातींकडे राहिली. सुतार, लोहार, कुंभार, चांभार यांच्याकडे जे होते त्याला काम म्हटले गेले, विद्या नाही. जातिव्यवस्था ही केवळ श्रमाची विभागणी नसून श्रमिकांचीच विभागणी आहे, असे डॉ. आंबेडकरांनी १९३६ साली मांडले. त्याच विभागणीत ज्ञानाचीही वाटणी झाली. डिग्री, डिप्लोमा, आयटीआय या तीन पायऱ्यांकडे पाहताना मला ती जुनी वाटणी नव्या कागदांवर उमटलेली दिसते. हाताचे काम शिकायला आयटीआय आहे, पदवी विचार करायला असते, हा आक्षेप प्राध्यापकांच्या खोल्यांत वारंवार ऐकू येतो. त्यातला ‘विचार करायला’ हा शब्द ज्या सहजपणे हाताला वगळतो तो सहजपणा आपल्या समाजाने शेकडो वर्षांत कमावलेला आहे. वारकरी संतांनी तो मोडून काढायचा प्रयत्न केला. गोरोबा काकांची गोष्ट महाराष्ट्रात घरोघरी माहीत आहे. संत जमलेले, मुक्ताबाईने थापटण्याकडे बोट दाखवून ते कशासाठी म्हणून विचारले, कच्चे मडके आणि पक्के मडके ओळखायला, असे काकांनी सांगितले आणि त्याच थापटण्याने एकेकाचे मस्तक थापटून पाहिले. नामदेव रागावले, तेव्हा हे मडके कच्चे ठरले, आणि नामदेव गुरूच्या शोधात विसोबा खेचरांकडे गेले. कथा इतिहासाला किती धरून आहे हा प्रश्न बाजूला ठेवू. संतांच्या मेळाव्यात परीक्षक कोण, तर कुंभार. आणि परीक्षेचे साधन कोणते, तर त्याच्या धंद्यातले. ज्या समाजाने ही गोष्ट जपली, त्याला हाताच्या पारखीची किंमत कळत नव्हती असे म्हणता येणार नाही.

दुसरे उत्तर पॅरिसमध्ये आहे. तिथे १७९४ साली स्थापन झालेल्या इकोल पॉलितेक्निकने पुढे जगभर पसरलेला साचा घालून दिला: आधी सर्वांना एकत्र गणित, मोंजची वर्णनात्मक भूमिती, भौतिकी आणि रसायन, मग रस्ते-पूल, खाणी, तोफखाना यांच्या वेगळ्या शाळांत रवानगी. त्या पुढच्या शाळांना नावच ‘उपयोजनाच्या शाळा’ असे होते. उपयोजित विज्ञान ही आपली कल्पना बरीचशी त्या व्यवस्थेची आहे: विज्ञान वर तयार होते आणि पायऱ्या उतरून कामाच्या जागी पोचते. आपल्याकडे सुरुवात निराळी झाली होती. गंगा कालव्याच्या कामासाठी माणसे हवीत म्हणून रुरकीचे कॉलेज १८४७ साली निघाले, आणि सार्वजनिक बांधकामासाठी दुय्यम अधिकारी घडवायला पुण्यात १८५४ साली वर्ग सुरू झाला, ज्याचे पुढे सीओईपी झाले. तिथे शिक्षण कामाला चिकटून होते, पण सरकारचा हेतू दुय्यम माणसे तयार करण्याचाच होता, आणि त्यामुळे कामाला चिकटलेले ते सगळे दुय्यम हा समज पक्का झाला. स्वातंत्र्यानंतर आपण प्रतिष्ठेच्या शोधात विज्ञानप्रधान साच्याकडे वळलो. अमेरिकेत ग्रिंटर समितीने १९५५ साली वर्कशॉपकडून अभियांत्रिकी विज्ञानाकडे जाण्याची शिफारस केली होती, आणि कानपूरच्या आयआयटीला १९६२ ते १९७२ या काळात नऊ अमेरिकी संस्थांची मदत मिळाली. त्या वळणाने आपल्याला चांगले वैज्ञानिक पायाचे अभियंते दिले, हे नाकारणे कृतघ्नपणा होईल. पण त्या साच्याच्या पोटातली समजूत इतिहासाने खोटी ठरवलेली आहे. न्यूकमेनचे वाफेचे यंत्र १७१२ सालचे, वॉटच्या वेगळ्या कंडेन्सरचे पेटंट १७६९ सालचे, आणि उष्णतेपासून जास्तीत जास्त किती काम काढता येईल या प्रश्नावरचा सादी कार्नोचा निबंध १८२४ सालचा. कार्नो त्याच पॉलितेक्निकचा विद्यार्थी. यंत्र शंभर वर्षे पाणी उपसत होते, त्यानंतर त्याच्याकडे पाहून थर्मोडायनॅमिक्सचा पाया घातला गेला. आपल्या अभ्यासक्रमात कार्नोचे चक्र तिसऱ्या सेमिस्टरला फळ्यावर येते आणि यंत्र नंतर, ‘अ‍ॅप्लिकेशन’ या मथळ्याखाली.

कुणी म्हणेल, शास्त्र सार्वत्रिक असते आणि हाताचे काम त्या-त्या जागेपुरते. विद्यापीठाने सार्वत्रिक ते शिकवावे. याला काँक्रीटचे कोडच उत्तर देते. सिव्हिलच्या प्रत्येक विद्यार्थ्याच्या हाती असणाऱ्या आयएस ४५६ या मानकात काँक्रीटच्या ताकदीला १.५ ने भागून ती हिशेबात घेतात, पोलादाच्या ताकदीला १.१५ ने. हा फरक का? पोलाद कारखान्यात नियंत्रणाखाली तयार होते. काँक्रीट साइटवर माणसे कालवतात. पाणी थोडे जास्त पडते, व्हायब्रेटर कुठे कमी फिरतो, क्युरिंगचा एखादा दिवस चुकतो. त्या सगळ्या हातांची अनिश्चितता त्या १.५ या आकड्यात साठवलेली आहे. तो आकडा निसर्गाने दिलेला नाही. किती धोका पत्करायचा हे माणसांनी ठरवून तो लिहिला आहे, म्हणजे त्यात विवेकही आहे. विद्यार्थी तो पाठ करतो आणि भागाकार बरोबर करतो. पण ज्याने स्वतः ३०० मिलिमीटर उंचीच्या शंकूत ओले काँक्रीट थराथराने भरले, प्रत्येक थराला सळईचे २५ ठोके दिले, शंकू उचलल्यावर ढीग किती बसला ते पाहिले, आणि मग त्याच घाण्याचे १५० मिलिमीटरचे क्यूब २८ दिवसांनी दाबाखाली फुटताना पाहिले, जास्त पाण्याच्या घाण्याचा क्यूब आधी फुटलेला पाहिला, त्याला तो आकडा कळलेला असतो. सार्वत्रिक नियमाच्या आतच जागोजागचा हात बसलेला आहे.

सगळ्यात अवघड आक्षेप शेवटी घेतो, कारण तो तत्त्वाचा नसून व्यवहाराचा आहे. प्रॅक्टिकलचे गुण ढिले असतात. टर्मवर्कला पंचवीसपैकी बावीस-तेवीस सर्वांनाच मिळतात, जर्नल एकाचे पाहून दुसरा लिहितो, ओरलला तेच चार प्रश्न. अशा तासाला पूर्ण क्रेडिट दिले तर पदवी आणखी पोकळ होईल. आक्षेपातले वर्णन खरे आहे. पण कारण आणि परिणाम यांची अदलाबदल झाली आहे. ज्या कामाला व्यवस्थेने निम्मे मानले त्याला शिक्षक निम्मा जीव देतात आणि विद्यार्थी त्याहून कमी. मग त्या कामाची दुरवस्था दाखवून ते निम्मेच योग्य असे ठरवले जाते. तरीही मी एक गोष्ट कबूल करतो. वायरी आधीच जोडलेल्या, रीडिंग काय येणार हे आधीच माहीत, अशा प्रयोगाला अर्धे क्रेडिटसुद्धा जास्त आहे. पूर्ण तास त्या कामाला मिळावा ज्यात विद्यार्थ्याला काही ठरवावे लागते, ते चुकू शकते, आणि चूक वस्तूतच दिसते. असे प्रयोग संख्येने कमी असतील. सेमिस्टरला दहाऐवजी पाच ठेवावे लागतील. जर्नल रद्द करून परीक्षकाने जॉब किंवा क्यूब हातात घेऊनच प्रश्न विचारावेत. राष्ट्रीय क्रेडिट आराखडा २०२३ साली आला तेव्हा त्याने वर्षाला १२०० तास आणि ४० क्रेडिट असा हिशेब मांडून व्यवसायशिक्षण आणि पुस्तकी शिक्षण एकाच मापाने मोजायचे ठरवले. माप बदलता येते, हे त्यावरून दिसलेच आहे; पदवीच्या वर्गात मात्र लेक्चरच्या पंधरा तासांना आणि प्रॅक्टिकलच्या तीस तासांना एक क्रेडिट हे प्रमाण अजून चालू आहे.

विद्यापीठांच्या अभ्यासमंडळांवर बसणाऱ्या प्राध्यापकांना माझी विनंती आहे. पुढच्या फेररचनेच्या बैठकीत विषयांची अदलाबदल सुरू होण्याआधी एल, टी, पी चा तो तक्ता विषयपत्रिकेवर घ्या, आणि पीखालचे अर्धे कुठल्या कारणाने अर्धे आहे ते इतिवृत्तात लिहा. कारण पटण्यासारखे लिहिता आले नाही तर सुरुवात पहिल्या वर्षाच्या वर्कशॉपपासून करा.